एक कागद निवडा, मग गाडी काढा: अमेरिकेतल्या प्रेसिडेन्शियल लायब्ररीत मुलांना घेऊन जाताना

७ डिसेंबर १९४१ अशी तारीख असलेला टाइप केलेला एक कागद आहे. वर लिहिलंय, मसुदा क्रमांक १. पहिल्याच ओळीत ‘वर्ल्ड हिस्टरी’ हे दोन शब्द आहेत. त्यांवर रेघ ओढलेली आहे आणि हाताने एकच शब्द लिहिलाय, ‘इन्फमी’. ‘जगाच्या इतिहासात राहील असा दिवस’ हे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी खोडलं आणि ‘कलंक म्हणून राहील असा दिवस’ असं केलं. पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नाविक तळावर जपानचे बॉम्ब पडून तेव्हा काही तासच झाले होते.

हा कागद आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांपुढे ठेवला, तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, तारीख सातची आहे, मग सुरुवात ‘काल’ अशी का?” तो कागद मी त्याआधी कितीतरी वेळा पाहिला होता आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर सोपं आहे. भाषण आठ तारखेला काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, वाचायचं होतं, म्हणून अध्यक्ष सातच्या संध्याकाळी उद्याचं वाक्य सांगत होते आणि त्यांच्या सेक्रेटरी ग्रेस टली ते उतरवून घेत होत्या. पण ते उत्तर तिचं तिने शोधलं. त्यानंतर तासभर वर्गात कुणी घड्याळ बघितलं नाही.

गेली काही वर्षं मी मुलांना आणि पालकांना नॅशनल आर्काइव्ह्ज (अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार) आणि प्रेसिडेन्शियल लायब्ऱ्यांच्या कार्यक्रमांना घेऊन जाते. बहुतेक घरं तिथे जातात ती ओव्हल ऑफिसच्या, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाच्या, प्रतिकृतीपुढे फोटो काढायला. दोन तासांत दालनं संपतात, दुकानातून चुंबक घेतात आणि परत. त्याच इमारतीत, त्याच दिवशी, जवळजवळ फुकटात मुलाला नागरिकशास्त्राचा असा धडा मिळू शकतो जो शाळेत वर्षभरात मिळत नाही. तो कसा मिळवायचा ते इथे पायरीपायरीने सांगते. माझा नियम एकच आहे: घरातून निघण्याआधी एक कागद निवडायचा आणि त्या कागदासाठी जायचं.

आधी हे ठिकाण काय आहे ते समजून घ्या

लायब्ररी म्हटलं की आपल्याला पुस्तकं आठवतात. इथे पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत. अध्यक्षांच्या कारकिर्दीतली पत्रं, टिपणं, फोटो, ध्वनिफिती, भेटवस्तू यांचा साठा आणि त्याला जोडून एक संग्रहालय, अशी ही जागा. पहिली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला. रूझवेल्ट यांनी आपली जमीन आणि आपले कागद सरकारला देऊन ती उभी केली आणि ३० जून १९४१ रोजी, ते पदावर असतानाच, तिचं लोकार्पण झालं. १९५५ मध्ये यासाठी कायदा झाला. कागद मात्र १९७८ च्या कायद्यापर्यंत अध्यक्षांची खासगी मालमत्ता मानले जात. त्या कायद्याने ते जनतेचे झाले. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: कार्यालयात बसून लिहिलेली चिठ्ठी लिहिणाऱ्याची नसते.

हर्बर्ट हूव्हर यांच्यापासूनच्या सगळ्या अध्यक्षांचे कागद नॅशनल आर्काइव्ह्ज सांभाळतं. संग्रहालयासह उभ्या असलेल्या तेरा लायब्ऱ्या हूव्हर ते धाकटे बुश अशा आहेत. ओबामांच्या कागदांसाठी तशी वेगळी इमारत नाही, ते काम डिजिटल पद्धतीने चालतं. स्प्रिंगफील्डची लिंकन लायब्ररी इलिनॉय राज्याची आहे, म्हणून तिची तिकिटं आणि नियम वेगळे.

आणखी एक गोष्ट मोठ्यांनी ध्यानात ठेवावी. इमारत सहसा अध्यक्षांच्या चाहत्यांनी जमवलेल्या खासगी पैशातून बांधली जाते आणि नंतर सरकार ती चालवतं. त्यामुळे भिंतीवरच्या मजकुरात कौतुकाकडे झुकण्याची ओढ असते. निक्सन लायब्ररी १९९० पासून खासगी होती, २००७ मध्ये ती नॅशनल आर्काइव्ह्जकडे आली आणि वॉटरगेटवरचं, म्हणजे ज्या घोटाळ्यामुळे निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला त्यावरचं, नवं दालन २०११ मध्ये उघडलं. तेवढी चार वर्षं का लागली, हा प्रश्न आठवीच्या मुलाला नक्की विचारावा. त्याला उत्तर आलं नाही तरी चालेल, पण पुढच्या प्रत्येक संग्रहालयात तो पाटी वाचताना ‘ही कुणी लिहिली?’ असं विचारायला लागतो. मी हे प्रत्यक्ष बघितलंय.

पायरी १: जवळची लायब्ररी सोडा, आधी प्रश्न ठरवा

तुम्ही बॉस्टनला राहता म्हणून केनेडी आणि डॅलसला राहता म्हणून बुश, हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही. मुलाला सध्या कशात रस आहे ते बघा. युद्ध, अवकाश, वर्णभेद, निवडणूक, आजोबा अमेरिकेत कसे आले, काहीही चालेल. मग त्या प्रश्नाचा एक कागद शोधा. नॅशनल आर्काइव्ह्जचा ऑनलाइन कॅटलॉग सगळ्यांना खुला आहे. मुलांसाठी त्याहून सोपं म्हणजे त्यांचं ‘डॉक्सटीच’. शिक्षकांसाठी केलेल्या या जागेवर हजारो मूळ कागद निवडून ठेवलेत आणि त्यांवर बेतलेले तयार खेळही आहेत: क्रम लावा, पुरावा तराजूत टाका, नकाशावर ठेवा. सगळं फुकट.

आपल्या मुलांसाठी मी ज्या तीन कागदांकडे पुन्हा पुन्हा वळते ते सांगते.

पहिला महात्मा गांधींचा. १ जुलै १९४२, मुक्काम सेवाग्राम, वर्धा. पत्र रूझवेल्ट यांना लिहिलंय आणि अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांच्या हाती दिलंय. त्यात गांधीजी म्हणतात की व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आणि लोकशाहीसाठी लढतो ही दोस्तराष्ट्रांची घोषणा हिंदुस्थान आणि आफ्रिका गुलामीत असेपर्यंत आणि अमेरिकेच्या घरातच कृष्णवर्णीयांचा प्रश्न असेपर्यंत पोकळ वाटते. एवढं स्पष्ट, आणि सुरुवात मात्र ‘प्रिय मित्रा’ अशी. अमेरिकी परराष्ट्र खात्याने छापलेल्या कागदपत्रांच्या खंडांत ते पूर्ण वाचता येतं. रूझवेल्ट यांचं उत्तर १ ऑगस्टचं आहे. ९ ऑगस्टला गांधीजींना मुंबईत अटक झाली. हे दोन दिनांक फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, त्या काळच्या टपालाने उत्तर पोचायला किती दिवस लागले असते? पुढचा तपास ते स्वतःच करतात.

दुसरा पंडित नेहरूंचा. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनच्या आक्रमणात भारताची फळी कोसळत असताना नेहरूंनी केनेडींना एकाच दिवशी दोन पत्रं पाठवली. दुसऱ्यात स्वनातीत लढाऊ विमानांच्या किमान १२ स्क्वॉड्रन मागितल्या आहेत. अलिप्ततेचा पुरस्कर्ता पंतप्रधान काय मागतोय आणि ते लिहिताना त्याला काय वाटलं असेल, यावर नववी-दहावीची मुलं गप्प होतात. हीच ती वेळ, ज्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आजीच्या तोंडून ऐकलेलं वाक्य आणि बॉस्टनच्या लायब्ररीतला कागद एकाच आठवड्याचे आहेत, हे कळल्यावर एका मुलाने लगेच आजीला पुण्याला फोन लावला.

तिसरा तुमच्या-माझ्या घराचा. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि जन्मदेशावर आधारलेले जुने कोटे रद्द झाले. त्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. ते वाक्य वर्गात वाचून दाखवा आणि मग म्हणा, आता इथे कोण कोण बसलंय ते बघा. ऑस्टिनच्या लायब्ररीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ते भाषण आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पायरी २: तिकीट आणि कार्यक्रम, दोन्ही वेगळे आहेत

पहिल्या वर्षी आम्ही २२ मुलांना घेऊन साडेतीन तास गाडी चालवत गेलो. तिकिटं काढलेली होती. तिथे पोचल्यावर कळलं की आम्ही साधा प्रवेश घेतला होता. शिक्षण विभागाचा कार्यक्रम वेगळा असतो, तो महिनोन्‌महिने आधी मागावा लागतो. चूक आमची होती. मुलं काचेतून दुसऱ्या शाळेची मुलं भूमिका करताना बघत बसली. तुमचं असं होऊ नये म्हणून:

लायब्ररीच्या ‘एज्युकेशन’ विभागाला थेट ईमेल करा, तिकीट खिडकीला नाही. किती मुलं, कोणत्या इयत्तेची, सोबत मोठी माणसं किती आणि तुम्ही कोणत्या कागदासाठी येताय, हे चार ओळींत लिहा. शेवटची ओळ जादू करते. ‘आम्हाला टूर हवी’ असं लिहिणाऱ्याला टूर मिळते. ‘आमची मुलं सैन्यातल्या वर्णभेदाविरुद्धचा ट्रूमन यांचा आदेश क्रमांक ९९८१ वाचून येताहेत’ असं लिहिणाऱ्याला तिथले शिक्षक स्वतः फोन करतात. मराठी शाळा ही नोंदणीकृत शाळा नाही म्हणून संकोच करू नका. स्काउट, घरी शिकणारी मुलं, मंडळं यांनाही बहुतेक ठिकाणी गटप्रवेश देतात. बसच्या खर्चासाठी काही लायब्ऱ्यांत मदत असते, ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

वसंत ऋतूत शाळांची गर्दी असते. जानेवारी-फेब्रुवारी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला बंद. आणि संघ सरकारचा खर्च मंजूर झाला नाही की या इमारती बंद होऊ शकतात, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या बातम्या बघाच.

जवळपास लायब्ररीच नसेल तर नॅशनल आर्काइव्ह्ज शाळांच्या गटांसाठी व्हिडिओवर थेट वर्ग घेतं, तेही मोफत. ‘सिव्हिक्स फॉर ऑल ऑफ अस’ या नावाने शोधा. आमच्या मंडळाने एकदा पडद्यावर असा वर्ग लावला होता. पालक मागे उभे राहून ऐकत होते आणि शेवटी मुलांपेक्षा त्यांनीच जास्त प्रश्न विचारले.

पायरी ३: घरी बसून तो कागद वाचा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते आणि बहुतेक लोक हीच गाळतात. नॅशनल आर्काइव्ह्जने कागद वाचायचे चार टप्पे करून ठेवलेत आणि त्यांचे छापील तक्ते फुकट मिळतात: कागदाशी ओळख करा, त्याचे भाग न्याहाळा, अर्थ लावा, पुरावा म्हणून वापरा. फोटो, नकाशा, व्यंगचित्र, ध्वनिफीत यांसाठी वेगवेगळे तक्ते आहेत.

करायचं असं. कागदाची मोठी प्रत छापा. मोबाइलवर दाखवू नका, बोटाने मोठं करता करता मूल कडा बघत नाही आणि गंमत कडांनाच असते. पहिली पाच मिनिटं एकही शब्द वाचायचा नाही. फक्त दिसतंय काय ते सांगायचं. टाइप केलाय की हाताने लिहिलाय? शिक्का आहे? कुठला? खोडलंय का? किती रंगांच्या शाई? समासात कुणाची आद्याक्षरं आहेत? गोपनीय असा शिक्का असेल तर त्यावर दुसरा, ‘आता खुलं’ असा शिक्का आहे का आणि त्याची तारीख किती वर्षांनंतरची आहे? मधल्या वर्षांत हे कुणाला माहीत नव्हतं, हे मुलाला तिथे कळतं. शब्दांत सांगून ते कळत नाही.

मग वाचायचं. रूझवेल्ट यांच्या मसुद्यावर आमच्या मुलांनी आणखी एक खोडलेलं शोधलं. ‘एकाच वेळी’ या अर्थाचा शब्द काढून तिथे ‘अचानक’ असा घातलाय. मी विचारलं, काय फरक पडतो? एक मुलगा म्हणाला, “एकाच वेळी म्हटलं तर बातमी होते. अचानक म्हटलं तर आपल्याला राग येतो.” इतिहासाच्या पुस्तकातलं वाक्य मुलाला वर्षभर पुरतं, पण हे त्याचं स्वतःचं वाक्य आहे, ते त्याच्याजवळ राहील.

शेवटचा प्रश्न नेहमी हा ठेवा: या कागदावरून आपल्याला काय कळत नाही? कुणाचं म्हणणं यात नाही? उत्तरं वहीत लिहून घ्या, ती वही घेऊनच जायचं आहे.

पायरी ४: भूमिका घेणारे कार्यक्रम

मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावच्या ट्रूमन लायब्ररीत २००१ पासून ‘व्हाइट हाउस डिसिजन सेंटर’ चालतं. मुलांना अध्यक्ष आणि त्यांचे सल्लागार बनवतात. त्यांच्या हाती त्या वेळी गोपनीय असलेल्या कागदांच्या प्रती येतात, आणि ट्रूमन यांच्यापुढे आला तोच प्रश्न येतो: जपानविरुद्धचं युद्ध कसं संपवायचं, बर्लिनची नाकेबंदी झाली तर काय करायचं, कोरियात उतरायचं का, सैन्यातला वर्णभेद मोडायचा का. वाद घालायचा, ठरवायचं आणि शेवटी पत्रकारांपुढे उभं राहून उत्तरं द्यायची.

मी नेहमी सैन्याचा विषय सुचवते. २६ जुलै १९४८ चा आदेश क्रमांक ९९८१ आज वाचला तर इतका साधा वाटतो की मुलं म्हणतात, यात ठरवण्यासारखं होतं काय? म्हणून त्यांना आधी चार गोष्टी सांगून न्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड या कृष्णवर्णीय सैनिकाला, युद्धावरून परत येताना, अंगात गणवेश असताना, साउथ कॅरोलायनात पोलिसांनी इतकं मारलं की त्याची दृष्टी गेली. ट्रूमन स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेले होते, त्यांना ते फार लागलं. दुसरीकडे, १९४८ हे निवडणुकीचं वर्ष होतं, दक्षिणेतले त्यांच्याच पक्षाचे काही लोक फुटले होते आणि लष्करातले बडे अधिकारी विरोधात होते. आता सांग, तू सल्लागार आहेस, काय म्हणशील? ‘बरोबर आहे ते करा’ एवढं म्हणून सुटता येत नाही, कारण समोर बसलेली मुलगी विचारते, मग हरलो तर पुढची चार वर्षं काय करणार?

आमच्यातली एक अबोल मुलगी त्या दिवशी संरक्षणमंत्री होती. तिला स्वतःला न पटणारी बाजू कागदात लिहिल्याप्रमाणे मांडायची होती. तिने ती नीट मांडली आणि बाहेर आल्यावर रडली. मी तिला जवळ घेतलं, पण ‘नको करायला हवं होतं’ असं म्हटलं नाही. विरोधी बाजूच्या माणसाकडेही कारणं असतात, आणि ती ऐकूनही आपण वेगळं ठरवू शकतो, हे कळायला तेरावं वर्ष लवकर नाही.

कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीला, रेगन लायब्ररीत, असाच कार्यक्रम १९८३ च्या ग्रेनाडा मोहिमेवर, म्हणजे त्या कॅरिबियन बेटावर अमेरिकेने सैन्य उतरवलं त्यावर, आहे. तिथे तीन खोल्या असतात: अध्यक्षांचं कार्यालय, लष्करी नियंत्रण कक्ष आणि पत्रकार. मुलांची नजर लष्कराच्या खोलीकडे असते. तुम्ही आग्रहाने काहींना पत्रकारांत पाठवा. छापायचं की थांबायचं हा निर्णय त्यांना घ्यावा लागतो आणि माझ्या मते तिन्हींत तोच अवघड आहे.

कार्यक्रमात पालकांनी बोलायचं नाही. हे मी निघतानाच सांगते, कारण आपण मराठी आईबाप मागून कुजबुजत उत्तरं सांगतोच.

कार्यक्रमानंतर दालनं बघा, सगळी नकोत. मूल वहीतला प्रश्न घेऊन एकाच दालनात अर्धा तास उभं राहिलं तर त्याला ओढू नका.

पायरी ५: वाचनकक्षात शिरा

हे फार थोड्या लोकांना माहीत असतं: संग्रहालयामागच्या वाचनकक्षात कुणीही जाऊ शकतो. प्राध्यापक असावं लागत नाही, अमेरिकन नागरिकही असावं लागत नाही. ओळखपत्र दाखवून मोफत संशोधक कार्ड करून घ्यायचं. साधारण चौदा वर्षांपुढच्या मुलांना ते मिळतं. दोन-तीन आठवडे आधी आर्काइव्हिस्टना, म्हणजे कागद सांभाळणाऱ्या तज्ज्ञांना, लिहा आणि विषय सांगा. कोणत्या खोक्यात काय आहे ते ते कळवतात.

आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी, कोट, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. एका वेळी एक खोका उघडायचा, त्यातली एकच फोल्डर बाहेर काढायची आणि तिच्या जागी खुणेचा पुठ्ठा ठेवायचा. पानांचा क्रम बदलायचा नाही. फोटो काढता येतात, फ्लॅशशिवाय. नियम सांगताना मुलांना मी पेशवे दफ्तराचे रुमाल सांगते. पुण्यात कागदांची गाठोडी कापडात बांधतात आणि त्या गाठोड्याला रुमालच म्हणतात. इथे राखाडी पुठ्ठ्याचा खोका आहे, एवढाच फरक. चुकीच्या जागी ठेवलेला कागद दोन्हीकडे हरवलेलाच असतो.

अलीकडच्या अध्यक्षांचे कागद लगेच मिळत नाहीत. पद सोडल्यावर पाच वर्षांनी माहितीच्या हक्काखाली मागता येतात, काही प्रकारचे बारा वर्षांपर्यंत बंद राहू शकतात.

पायरी ६: घरी आल्यावर कामाला लागा

सहल संपली की शिकणं संपतं, म्हणून परतल्यावरचं काम आधीच ठरवून ठेवा.

सगळ्यात सोपं काम म्हणजे ‘सिटिझन आर्काइव्हिस्ट’. स्कॅन झालेला हस्तलिखित कागद वाचून त्याचा मजकूर टाइप करायचा, म्हणजे तो शोधता येतो. खातं मोफत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन फायली उतरवण्याचं मोठं काम त्यात चालू आहे. अशा फायली ८० हजारांहून अधिक सैनिकांच्या आहेत. म्हाताऱ्या सैनिकांनी आपण कुठे लढलो ते शपथेवर सांगितलंय. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून जोडलंय. इथल्या बऱ्याच मुलांना जोडून लिहिलेलं (कर्सिव्ह) इंग्रजी हस्ताक्षर वाचता येत नाही, कारण बऱ्याच शाळांनी ते शिकवणं सोडलं होतं. आमच्यातले एक आजोबा मोडी वाचतात. त्यांनी मुलांना जी युक्ती सांगितली ती दोन्हीकडे चालली: आधी ओळखीचा शब्द शोधा, तारीख, गाव, नाव, मग त्यातली अक्षरं घेऊन अनोळखी शब्दाकडे जा. आता नातू इंग्रजी फाइल उतरवतो आणि आजोबा शेजारी बसून मोडीचा एखादा कागद लावतात.

सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ‘नॅशनल हिस्टरी डे’ ही स्पर्धा आहे, १९७४ पासूनची. दरवर्षी एक विषयसूत्र मिळतं. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रयोग किंवा वेबसाइट यांतलं एक निवडायचं. निबंध एकट्याचा, बाकीचे गटानेही करता येतात. स्थानिक फेरी, मग राज्य, आणि जूनमध्ये मेरिलँड विद्यापीठात अंतिम फेरी. मूळ कागदांशिवाय इथे गुण मिळत नाहीत, म्हणून वाचनकक्षाची सवय कामी येते. नववी ते बारावीसाठी केनेडी लायब्ररीची निबंध स्पर्धा आहे. लोकप्रियता पणाला लावून योग्य ते करणाऱ्या अमेरिकन लोकप्रतिनिधीवर ७०० ते १००० शब्द लिहायचे, पहिलं बक्षीस १० हजार डॉलरचं. माझा सल्ला, प्रसिद्ध नाव घेऊ नका. आपल्याच गावच्या नगर परिषदेतला एखादा सदस्य शोधा आणि त्या वर्षीची स्थानिक वृत्तपत्रं चाळा.

नागरिकत्वाच्या वाटेवर असलेल्या मोठ्यांसाठी

ज्यांनी २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज केलाय त्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. पाठ करून होतं, पण त्याआधी एकदा वॉशिंग्टनला जा. नॅशनल आर्काइव्ह्जच्या घुमटाखाली स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि हक्कांची सनद, तिन्ही मूळ कागद आर्गॉन वायू भरलेल्या पेट्यांत ठेवलेत. प्रवेश फुकट. जाहीरनाम्याची शाई इतकी फिकी झालीय की डोळे सरावायला वेळ लागतो. घाई करू नका. संविधान दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, किंवा १५ डिसेंबरला हक्कांच्या सनदेच्या दिवशी याच घुमटाखाली नव्या नागरिकांचा शपथविधी होत आलाय. बऱ्याच प्रेसिडेन्शियल लायब्ऱ्यांतही असे शपथविधी होतात. ४ जुलैला इमारतीच्या पायऱ्यांवर जाहीरनामा मोठ्याने वाचतात, तोही ऐका.

आणि शपथ घेण्याआधी भगतसिंग थिंद यांचा खटला वाचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराचा गणवेश घातलेला हा पंजाबी माणूस. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तो ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वं काढून घेतली गेली. दार पुन्हा किलकिलं झालं २ जुलै १९४६ ला, ट्रूमन यांच्या सहीने: भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं आणि वर्षाला शंभर भारतीयांना इथे स्थायिक व्हायला येता येऊ लागलं. ज्या प्रमाणपत्रासाठी आपण बोटांचे ठसे देतो, ते कुणाकडून हिसकावून घेतलं गेलं होतं, हे माहीत असलेल्या माणसाचा हात वर करताना वेगळा असतो.

हाइड पार्कला जाणार असाल तर

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून हडसन नदीच्या काठाने लोकल निघते, ती पोकीप्सीला संपते. तिथून लायब्ररी टॅक्सीने पाच-सहा मैल. जाताना नदीच्या बाजूची खिडकी धरा. लायब्ररी, शेजारचं घर आणि गुलाबाच्या बागेतल्या फ्रँकलिन व एलिनॉर यांच्या समाध्या यांत दिवस जातो. तरी परतीच्या गाडीआधी दीड तास राखून ठेवा आणि टॅक्सीवाल्याला पोकीप्सीच्या दक्षिणेच्या ‘पोकीप्सी रूरल सिमेटरी’ या दफनभूमीत न्यायला सांगा.

तिथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. कल्याणची मुलगी, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या ज्या मिसेस कार्पेंटरना ती मावशी म्हणायची, त्यांच्याकडे तिच्या अस्थी पाठवल्या गेल्या. तिने वैद्यकीय कॉलेजला पाठवलेला प्रवेशाचा अर्ज आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आम्ही त्याची प्रत छापून नेली होती. दगडापुढे उभं राहून आठवीतल्या मुलीने ती मोठ्याने वाचली. मग वहीतला नेहमीचा प्रश्न आला, या कागदावरून काय कळत नाही? धाकटा म्हणाला, “थंडी. तिला किती थंडी वाजली असेल ते यात नाहीये.” नोव्हेंबर होता, नदीवरून वारा येत होता. आम्ही साडीतल्या त्या मुलीचा १० ऑक्टोबर १८८५ चा फोटो काढून बघितला आणि मग गाडीच्या वेळेला धावलो.